चित्राची पाठ : नारायण पेठेतलं डच जहाज

प्रश्न : आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या माडीवर एक मोठं तैलचित्र आहे. खवळलेला समुद्र, तीन डोलकाठ्यांचं जहाज, त्यावर लाल-पांढरा-निळा आडव्या पट्ट्यांचा झेंडा. आजोबा मुंबईला गोदीत कारकून होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ते घेतलं आणि ‘हे तीनशे वर्षांपूर्वीचं डच चित्र आहे, सांभाळा’ असं वडिलांना बजावलं. वाडा आता बिल्डरकडे जातोय. आम्ही तिघे भाऊ. अमेरिकेतला पुतण्या म्हणतो, अशी चित्रं कोटींत विकली जातात. चित्र अस्सल आहे का? असेल तर किंमत किती? आणि वाटणी कशी करावी? सोबत फोटो जोडला आहे.
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : वाटणीचं आधी सांगून टाकते. चित्राला तीन हिस्से पडत नाहीत, आणि पडत असते तरी ते काम माझ्या सदरात बसत नाही.

फोटोवरून मी मत देत नाही. तुमच्या फोटोत तर जहाजाच्या मधल्या शिडावर ट्यूबलाइटची पांढरी कांडी उमटली होती. म्हणून गेल्या महिन्यात एका सकाळी मी तुमच्याकडे येऊन गेले. तुम्ही तिघेही हजर होतात, धाकट्या वहिनींनी कॉफी केली, आणि मी चित्राकडे न बघता आधी ते भिंतीवरून उतरवायला सांगितलं तेव्हा थोरल्यांच्या चेहऱ्यावर ‘या बाईंना काही कळतं का’ असं स्पष्ट दिसलं. तीस वर्षं संग्रहालयाच्या तळघरात जुनी चित्रं दुरुस्त करण्यात गेली माझी. चित्राचं तोंड खोटं बोलू शकतं, पाठ सहसा बोलत नाही. या सदराचं नाव त्यावरूनच आहे.

पण तुम्ही उतरवेपर्यंत मला समोरून जे दिसलं ते आधी सांगते, कारण निम्मा निकाल तिथेच लागला होता.

तुमच्या जहाजाची शिडं उजवीकडे फुगली आहेत. जहाजही उजवीकडे चाललंय. म्हणजे वारा डावीकडून, जहाजाच्या पाठीमागून येतोय. आणि तिन्ही डोलकाठ्यांवरचे झेंडे मात्र डावीकडे, मागच्या बाजूला फडफडताहेत. तुम्हाला यात काही वावगं वाटलं नव्हतं, तिघांनाही नाही. साहजिक आहे. आपण झेंडा बघतो तो हायवेवरून जाणाऱ्या टेम्पोच्या टपावर. टेम्पो पुढे, झेंडा मागे. शिडाच्या जहाजाचं तसं नसतं. त्याला इंजिन नाही, वाराच ढकलतो, आणि पाठीमागून ढकलणारा वारा जहाजापेक्षा जोरात धावत असतो. त्यामुळे अशा वेळी झेंडा पुढे, नाळेच्या म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या दिशेने उडतो. शिडं एका वाऱ्यावर आणि झेंडे दुसऱ्या वाऱ्यावर, असं समुद्रात होत नाही. कागदावर होतं, आणि तेही ज्याने जहाज टेम्पोसारखं कल्पिलं त्याच्या कागदावर.

सतराव्या शतकातला डच समुद्रचित्रकार ही चूक करणार नाही, असं मी ठामपणे का म्हणते? कारण ज्या गिऱ्हाइकांसाठी तो रंगवायचा ते लोक जहाजांवरच जगत होते. जहाजमालक, कप्तान, जहाजात एक षोडशांश हिस्सा असलेला पीठवाला, मिरीचा व्यापारी. दोर चुकीच्या जागी बांधलेला दिसला तर चित्र परत आलं असतं. या प्रकाराची सुरुवात करणारा हेंड्रिक व्रोम हा हार्लेमचा. त्याचं १५९९ सालच्या प्रसंगाचं एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. पूर्वेकडच्या बेटांवरून मिरी, लवंग, जायफळ भरून चार जहाजं ॲमस्टरडॅमला परत आली, तो दिवस. मॉरिशस, हॉलंडिया, ओव्हरआइसल, फ्रीसलंड अशी त्यांची नावं. दोन मीटरहून रुंद चित्र, आणि जहाजांभोवती इतक्या होड्या, इतकी माणसं, की आपल्याकडच्या विसर्जनाच्या घाटाची आठवण यावी. मी प्रशिक्षणासाठी तिकडे गेले होते तेव्हा मधल्या सुट्टीत या चित्रासमोर उभी राहून डबा खायची इच्छा व्हायची. अर्थात खाऊ देत नाहीत.

पुढच्या पिढीतले व्हॅन डे व्हेल्डे बापलेक. दोघांचंही नाव विलेम. बाप (१६११–१६९३) डच आरमाराबरोबर छोट्या गलबतात बसून प्रत्यक्ष लढाईत जायचा आणि तोफा चालू असताना रेखाटनं करायचा. तेरहाइडच्या लढाईच्या चित्रात त्याने होडीत बसून चित्र काढणारा स्वतःलाच दाखवलंय. मग इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात युद्ध चालू असतानाच हे दोघे शत्रूच्या राजधानीत, लंडनला जाऊन राहिले. १६७४ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने त्यांना वर्षाला प्रत्येकी शंभर पौंड बांधून दिले : बापाने लढायांची रेखाटनं करायची, मुलाने ती रंगवायची. लुडॉल्फ बाखुइझेन तर वादळ सुटलं की नावाड्याला पैसे देऊन होडीतून खाडीच्या तोंडाशी जायचा आणि परत आल्यावर कोणाशी एक शब्द न बोलता ब्रश उचलायचा, असं त्याच्या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. थोडी भर घातली असेल चरित्रकाराने, पण बाखुइझेनच्या लाटा बघितल्या की विश्वास ठेवावासा वाटतो. असल्या माणसांच्या चित्रात झेंडा उलटा उडत नाही.

तुमचं जहाज युद्धनौका नाही, व्यापारी जहाज आहे.  सतराव्या शतकात डचांचं सगळ्यात जास्त राबणारं व्यापारी जहाज म्हणजे ‘फ्लाउट’. १५९५ च्या सुमाराला होर्न नावाच्या बंदरात ते पहिल्यांदा बांधलं. पोट मोठं, वरचं डेक अरुंद, साधारण आपल्या रांजणासारखं. याचं एक कारण पुणेकरांना चटकन समजेल : जकात. बाल्टिक समुद्रात शिरताना डेन्मार्कचा राजा प्रत्येक जहाजाकडून कर घ्यायचा, आणि त्या मोजमापात डेकची रुंदी धरायचे. मग डचांनी डेक अरुंद केलं आणि पोट फुगवलं. आपल्याकडे जकात नाके होते तेव्हा पेट्यांवरची लेबलं बदलायचे, त्यांनी जहाजाचा आकारच बदलला. शिवाय दोरखंडाची व्यवस्था अशी सुटसुटीत की निम्म्या माणसांत जहाज चालायचं. तोफा थोड्या किंवा नाहीतच. धान्य, लाकूड, मीठ वाहणारं निव्वळ मालवाहू जहाज.

तुमच्या चित्रातलं त्यातलं नव्हे. त्याची मागची बाजू उंच, सपाट आणि नक्षीदार आहे, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांपैकी. या सपाट पाठीला डच लोक ‘स्पीगल’, म्हणजे आरसा म्हणत. तिथे जहाजाच्या नावाचं चित्र कोरलेलं असायचं, वाचता न येणाऱ्यालाही नाव कळावं म्हणून. नाळेवर बहुधा सिंह. आणि नाळेतून पुढे आलेल्या तिरक्या काठीच्या टोकावर एक छोटी उभी डोलकाठी तुमच्या चित्रात आहे. तिच्याकडे मी बराच वेळ बघत होते. ती सतराव्या शतकाची खूण आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती हळूहळू गेली आणि तिच्या जागी तिकोनी शिडं आली. म्हणजे तुमच्या चित्रकारासमोर एक खरं, जुनं डच चित्र होतं. छापील, बहुतेक हाताएवढं. कॅलेंडर असेल किंवा इंग्रजी मासिकाचं पान. मोठ्या गोष्टी त्याने इमानाने उतरवल्या. जे छापील चित्रात बारीक होतं, कळत नव्हतं, ते मनाने भरलं. आरशावर कोरलेल्या चिन्हाच्या जागी त्याने कमळ काढलंय. नाळेवरच्या सिंहाला आयाळ आहे आणि चेहरा नाटक कंपनीच्या पडद्यावरच्या सिंहासनाच्या सिंहाचा. तुमच्या मधल्या भावाला हसू आलं तेव्हा मलाही आवरलं नाही.

आता पाठ. चित्र उलटं केलं तर मागे तपकिरी झालेला वर्तमानपत्राचा कागद खळीने चिकटवलेला. ‘केसरी’चा, १९३८ सालचा. गोऱ्या साहेबाच्या दिवाणखान्यातल्या चित्राच्या पाठीला टिळकांचा केसरी! थोरले गप्प झाले. मीही लगेच निष्कर्ष काढला नाही, कारण फ्रेमवाला हाताला लागेल ती रद्दी लावतो, आणि साहेबानेही फ्रेम शुक्रवारातच करून घेतली असेल. कागदावरून कागदाचं वय कळतं, चित्राचं नाही. एवढंच म्हणता येतं की १९३८ च्या सुमाराला किंवा त्यानंतर हे चित्र अशा दुकानात होतं जिथे केसरीची रद्दी पडलेली होती.

कागदाचा एक कोपरा सुटलेला होता, त्याच्या आत बोट घातलं. कापड सुती, यंत्रावर विणलेलं, धागा एकसारखा. जुन्या डच चित्रकारांचं कापड तागासारख्या जवसाच्या धाग्याचं, हातमागाचं, मध्येच जाड मध्येच बारीक. किंवा मग ओकच्या फळ्या. कापड ताणलेली चौकट खोक्याच्या देवदाराची, आणि तिच्या आतल्या अंगाला काळ्या शाईचे अर्धवट छापील ठसे. मालाच्या पेटीवर असतात तसेच. गोदीतून आलेलं खोकं असणार. 

शेवटी माझा अतिनील टॉर्च. सातशे रुपयांना मिळतो, नोटा तपासायला वापरतात तोच. खोलीच्या खिडक्या लावून तो शिडांवर मारला तर पांढरा रंग पिवळसर हिरवा चमकला. तो जस्ताचा पांढरा. तैलरंगात तो एकोणिसाव्या शतकात आला. सतराव्या शतकातलं शीड शिशाच्या पांढऱ्यात रंगवलेलं असतं आणि त्याची चमक वेगळी. व्हॅन डे व्हेल्डेकडे जस्ताचा पांढरा असणं म्हणजे शाहिस्तेखानाकडे टॉर्च असण्यासारखं.

तर निकाल : हे चित्र तीनशे वर्षांपूर्वीचं नाही, हॉलंडमधलंही नाही. साधारण १९३०–४० च्या दरम्यान, मुंबईत किंवा पुण्यात, आपल्याच एखाद्या चित्रकाराने छापील चित्रावरून मोठं करून काढलेलं. आभाळ ज्या पद्धतीने रुंद ब्रशने, एका दमात वरून खाली ओढलंय त्यावरून मला वाटतं, तो नाटकांचे पडदे रंगवणारा असावा. हा माझा अंदाज. त्या काळात असं खूप चालायचं. ज्यांना हाताने काढून घेणं परवडत नव्हतं ते ओलिओग्राफ लावायचे, म्हणजे कागदावर छापून वर व्हार्निश मारलेली चित्रं. रवी वर्म्यांचा छापखाना तर आपल्या मळवलीला होता. तुमच्या आजोबांनी निदान हाताने काढलेलं घेतलं. लिलाव खरा असेल, साहेबही खरा असेल. ‘तीनशे वर्षांपूर्वीचं’ हे लिलाववाल्याने वर घातलेलं मीठ.

किंमत : चित्राचे चार-पाच हजार. फ्रेम जुन्या सागवानाची आहे, तिचे त्याहून जास्त. हे ऐकून धाकट्या वहिनी आत निघून गेल्या. कॉफीचे कप नेण्याचं निमित्त होतं, पण मला कळलं.

आणि मग, मी पिशवी उचलत असताना, डाव्या कोपऱ्यात खाली मला ती होडी दिसली. काजळीखाली होती. खालच्या टेबलावर तुमचा गणपती बसतो, साठ-सत्तर वर्षांचा उदबत्तीचा धूर तिथे साचलाय. कापसाचा बोळा ओला करून एवढासा चौकोन पुसला, तुमच्या परवानगीने. डच चित्रात मोठ्या जहाजाजवळ नेहमी एक छोटी होडी असते, किनाऱ्याला माणसं आणि माल नेणारी. सपाट बुडाची, दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या फळ्या लटकवलेली. मला तीच अपेक्षित होती. निघाला मचवा. आपला कोकणातला मचवा! डोलकाठी पुढे कललेली, तिच्यावर तिरकं लांबलचक परबाण, म्हणजे शीड बांधायची काठी, त्याला तिकोनी शीड, नाळ पाण्यावर लांब झुकलेली. सुकाणूशी एक तांडेल बसलाय, डोक्याला लाल कापड. आणि त्या मचव्याचं शीड बरोबर वाऱ्यावर आहे. दोर खेचणारा खलाशी ज्या बाजूला हवा त्याच बाजूला आहे, पाणी ज्या अंगाला फुटायला हवं तिथेच फुटतंय. दोन वितींच्या तुकड्यात एक चूक नाही.

त्या माणसाने डच जहाज कधी पाहिलं नव्हतं. मचव्यात मात्र तो बसलेला होता. छापील चित्रातली परदेशी होडी त्याला समजली नसावी, किंवा आवडली नसावी, म्हणून त्याने स्वतःची घातली. कोपऱ्यात सही नाही. मी शोधली, टॉर्चने आणि भिंगाने.

चार-पाच हजारच किंमत आहे, त्यात मचव्यामुळे वाढ होणार नाही. पण फ्रेम विकायला काढाल तेव्हा कापड गुंडाळून माळ्यावर टाकू नका, आणि पाठीचा केसरी फाडू नका. तिघांपैकी कोणालाच नको असेल तर मला फोन करा. माझ्या भिंतीवर जागा आहे.

प्रश्न : तैलचित्रावरची धूळ आणि काजळी काढायला कापलेला बटाटा चोळावा असं माझ्या सासूबाई सांगतात. मोबाइलवर एका व्हिडिओत पावाच्या मऊ भागाने पुसलेलं दाखवलं. कोणतं बरोबर?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन्ही नाही. बटाट्याचं पाणी रंगाच्या भेगांतून खाली सरसाच्या थरापर्यंत जातं, तो थर फुगतो आणि पंधरा दिवसांनी रंगाचे पापुद्रे सुटतात. भेगांत उरलेल्या पिठावर पुण्याच्या जुलैत बुरशी धरते, आणि पावाचा चुरा राहिला तर झुरळांची सोय होते. मी बटाट्याने पुसलेली चित्रं दुरुस्त केली आहेत. त्यातल्या एकावर अजून मोहरीचा डाग होता, म्हणजे बटाटा फोडणीतून उचललेला असावा.

घरी एवढंच करा : कोरडा, मऊ, रुंद ब्रश घेऊन, चित्र थोडं पुढे झुकवून, वरून खाली हलक्या हाताने. रंग सुटलेला दिसला तर तेही नको. आम्ही लोक काय वापरतो हे विचाराल तर ऐकून सासूबाईंना धक्का बसेल : लाळ. कापसाच्या बोळ्याला लावलेली स्वतःची लाळ. तिच्यातल्या पाचक द्रव्यांमुळे चिकट मळ सुटतो आणि रंगाला सहसा इजा होत नाही. पण ते कुठे चालतं आणि कुठे नाही हे समजायला वर्षं जातात. तुम्ही थुंकू नका.

प्रश्न : मी चित्रकला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. डच समुद्रचित्रं बघायला सांगितली होती, पण मला ती सगळी सारखीच वाटतात. राखाडी आभाळ, तपकिरी पाणी, कोपऱ्यात एखादं जहाज. एवढं मोठं आभाळ रिकामं का सोडतात?
— एक विद्यार्थी, टिळक रस्ता

उत्तर : मोबाइलवर बघितलीस ना? तिथेच घोळ झाला. राइक्सम्यूझियमच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट बघायला मिळतात. तिथे जा आणि आभाळाच्या एका चौकोनावर दहा मिनिटं थांब.

सगळी राखाडी नाहीत. व्रोमची बघ : क्षितिज वर, पाणी हिरवं, झेंडे भडक, जहाजं पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांसारखी पुढे बसलेली. १६२० नंतर यान पोर्सेलिसने हे सगळं उलटवलं. क्षितिज खाली आणलं, जहाज छोटं केलं, दोन-तीन मातकट रंगांत हवाच रंगवली. समुद्रकाठचा तो देश सपाट, डोंगर नावाला नाही, बघावं तिकडे आभाळच, तेव्हा त्याने आहे ते काढलं. त्यात व्यवहारही होता. कमी रंग, पातळ थर, भराभर काम, म्हणजे चित्र स्वस्त, म्हणजे साध्या माणसालाही विकत घेता येणारं. तिथे चित्रं राजवाड्यासाठी कमी आणि दुकानदाराच्या बैठकीसाठी जास्त निघत.

आणि एक लबाडी काळाची. निळ्यासाठी ते बरेचदा स्माल्ट वापरत, म्हणजे कोबाल्टने निळी केलेली काच कुटून केलेली पूड. खरा निळा अफगाणिस्तानच्या बदख्शानमधल्या दगडाचा, तो परवडायचा नाही. स्माल्ट तेलात काही दशकांत राखाडी पडतो. तुला मेलेली दिसणारी काही आभाळं रंगवली तेव्हा निळी होती.

रिकामं म्हणतोस ते आभाळ चित्राचा निम्मा मजकूर असतो. त्यातून वारा कुठला, पाऊस किती लांब, जहाजाने शिडं उतरवायची की नाही, हे कळतं. जुलैत खडकवासल्याला जा. कागदाचा दोन तृतीयांश भाग आभाळाला दे, सिंहगड गाळून टाक, आणि फक्त तीन रंग ने. संध्याकाळी मला सांग रिकामं होतं का. मक्याच्या कणसाच्या गाड्या काढल्यास तर चालतील, पण आभाळ झाल्यावर.

प्रश्न : इंग्रज, पोर्तुगीज, फ्रेंच यांचा आणि आपला संबंध शाळेत शिकलो. डचांचं महाराष्ट्रात काय होतं? बघण्यासारखं काही शिल्लक आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, सहकारनगर

उत्तर : सर, आहे, आणि ते पुण्यापेक्षा गोव्याला जवळ आहे. वेंगुर्ल्याची डच वखार.

डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ सालची. तिची खरी पेढी म्हणाल तर जावा बेटावरचं बटाव्हिया, आजचं जकार्ता. आपल्या बाजूला सुरतेत वखार होती. पण गोव्यातल्या पोर्तुगीजांशी त्यांचं हाडवैर, आणि १६३० नंतरच्या दशकात त्यांनी गोव्याच्या तोंडाशी दरवर्षी जहाजं आणून नाकेबंदी सुरू केली. मोसमभर समुद्रात उभ्या राहणाऱ्या जहाजांना पाणी, तांदूळ, भाजीपाला, बातम्या कुठून मिळणार? म्हणून १६३७ मध्ये गोव्याच्या उत्तरेला वेंगुर्ल्यात वखार घातली. पुढे त्याच वखारीतून शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या बटाव्हियाला जात राहिल्या. मिरी विकणाऱ्या कंपनीला लढायांची बातमी मिरीइतकीच महाग.

दुसरी गोष्ट बघायला ॲमस्टरडॅमला जावं लागेल. निकोलास विट्सन नावाचे गृहस्थ त्या शहराचे अनेकदा महापौर झाले, पुढे या कंपनीच्या कारभाऱ्यांतही होते. १६७१ मध्ये त्यांनी जहाजबांधणीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. जुनी डच जहाजं कशी बांधत हे आज आपल्याला कळतं त्यातला मोठा भाग त्यांच्यामुळे. त्याच विट्सनच्या संग्रहात हिंदुस्थानातल्या राजांच्या चित्रांचा एक अल्बम होता, गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी १६८६ च्या सुमाराला काढलेला. त्यात एक चित्र शिवाजी महाराजांचं आहे. आता तो राइक्सम्यूझियममध्ये असतो, व्रोमची जहाजं आहेत त्याच इमारतीत.

वर नारायण पेठेच्या उत्तरात मी म्हटलं की त्या चित्रकाराने परदेशी होडीच्या जागी स्वतःची घातली : डच जहाजाशेजारी कोकणी मचवा. घरी आल्यावर लक्षात आलं की ती जोडी विजोड समजणं घाईचं होतं. वेंगुर्ल्यासमोर मोठं डच जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहिल्यावर त्याचा माल काठाला कोण आणणार? आपलेच मचवे, आपलेच तांडेल. हॉलंडमध्ये बसून काढलेल्या चित्रात ती जोडी दिसत नाही, कारण तिथल्या चित्रकाराने मचवा पाहिला नव्हता. नारायण पेठेतल्या भावांना हे मी अजून कळवलेलं नाही. कळवलं तर थोरले किंमत वाढवून सांगतील.

वखार पडकी आहे. भिंती जाड, छप्पर गेलेलं, आतून झाडं वर आलेली. पावसाळ्यात जाऊ नका, चिखलात पाय ठरत नाही आणि जनावरांची भीती असते. दिवाळीनंतर जा. सावंतवाडी रोड स्टेशनला उतरून रिक्षा किंवा एसटी. वखार बघायला अर्धा तास पुरतो. मग बंदरावर जा आणि तिथल्या होड्यांच्या नाळा बघा. आता सगळ्यांना इंजिनं आहेत, त्यामुळे त्यांच्यावरचे झेंडे मात्र खुशाल मागे उडतात.